निर्दोष पंपांची मांडणी

मंगळवार, १५ एप्रिल २०२५, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. माझ्या वहीत या ओळीपुढे १२.६ व्होल्ट हा आकडा आहे आणि त्याच्यापुढे ठसठशीत अक्षरांत लिहिले आहे, ‘वीजपुरवठा उत्तम. पंप निकामी.’ आकडा अचूक होता. चारही शब्द चुकीचे होते.

ज्यांच्या गॅरेजात मी ही नोंद केली, ते मिस्त्री त्या दिवशी पुतणीच्या लग्नासाठी अकोल्याला गेले होते. ते जागेवर असते तर हे घडले नसते. पेट्रोलच्या टाकीत तळाशी बुडून बसलेला तो मुठीएवढा विजेचा पंप म्हणजे त्यांचा पक्षकार होता. “गाडी बंद पडली की पयला संशय त्याच्यावर,” ते म्हणत. “बिचारा अंधारात बसलेला. त्याची बाजू मांडायला कोण हाय?”

कोण आहे, हे त्यांच्या बसण्याच्या ऐटीवरून समजत असे.

मी तेव्हा विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होते. इंधनपंपाच्या विद्युत दोषांचे निदान करणारे उपकरण बनवायचे, त्यासाठी तीन महिने एखाद्या खऱ्या गॅरेजात बसून नोंदी घ्यायच्या, त्या नोंदींवर शोधनिबंध लिहायचा आणि निबंधाच्या बळावर परदेशी विद्यापीठ गाठायचे, असा माझा आराखडा होता. राहात्यातले हे गॅरेज मी निवडले, कारण मावशीच्या घरापासून ते चालत सात मिनिटांवर होते. निवडीमागे याहून शास्त्रीय कारण नव्हते, हे मी निबंधात लिहिलेले नाही.

गॅरेज आणि न्यायालयाचे आवार यांच्यामध्ये एकच भिंत होती. तीस वर्षे त्या भिंतीच्या सावलीत काम केल्यामुळे मिस्त्रींच्या कानांवरून जेवढे खटले गेले होते, तेवढे एखाद्या वकिलाच्या हातांखालूनही गेले नसतील. परिणामी त्यांची बोली दोन थरांची झाली होती : खाली राहात्याची माती, वर कचेरीचा शिक्का. गाडी कामाला घेण्यापूर्वी ते तिच्या नंबरचा तीनदा पुकारा करीत. मालक दोन हातांवर स्टुलावर बसलेला असला तरी करीत. काम त्या दिवशी होणार नसेल तर ‘तारीख’ देत. तात्पुरती मलमपट्टी करून सोडलेली गाडी ‘जामिनावर’ असे. अंगात, भर एप्रिलमध्येसुद्धा, कुण्या वकिलाने टाकून दिलेला काळा कोट असे आणि त्याच्या बाह्या मनगटाच्या चार बोटे अलीकडेच संपत. या कोटाचे प्रयोजन मी एकदा विचारले.

“काळ्यावर ऑइल दिसत न्हाई, इंजिनेरबाई. वकिलांनी बी त्याच्यासाठीच घेतलाय.”

घरी मात्र हे काही चालत नसे. “घरी हायकोर्ट हाय,” एवढेच ते सांगत आणि डबा उघडत.

त्यांचा पहिला नियम : गाडीला हात लावण्यापूर्वी जबानी. आणि जबानीत निष्कर्षाला मज्जाव. “मिस्त्री, पंप गेलाय,” असे म्हणत कुणी आत आले की ते हातातला पाना खाली ठेवत. “निकाल तुमीच लावला. मग हितं कशाला आलात? काय घडलं तेवढं सांगा.” माणसे चिडत. काही जण उठून शेजारच्या गॅरेजात जात. मिस्त्री त्यांना अडवत नसत. ते त्यांच्या परतण्याची तारीख मनाशी ठरवून मोकळे होत, आणि ती सहसा बरोबर निघे.

माझ्या दुसऱ्याच आठवड्यात एक निवृत्त हेडमास्तर सपत्नीक आले. दोन ठिकाणी दोनदा पंप बदलून झाला होता, तरी गाडी बंद पडतच होती. हेडमास्तरांनी वीस मिनिटे मुद्देसूद जबानी दिली. तिचा सारांश असा की गाडी अकस्मात बंद पडते आणि त्याला कसलाही नियम नाही. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतले आणि पत्नीकडे वळले.

“तुमी स्वतंत्र साक्षीदार. तुमी सांगा.”

“मी काय सांगणार? मला गाडीतलं काही कळत नाही.”

“म्हनूनच सांगा.”

बाईंनी पदर सावरला. “समोर कुणी आडवं आलं की हे हॉर्न दाबतात. मग गाडी बंद पडते. मग हे खाली उतरून त्याच्याशी भांडतात. दर वेळी हेच.”

“भांडत नाही,” हेडमास्तर म्हणाले. “समज देतो.”

“सर, साक्षीदाराला दाबू नका.”

मुलाच्या लग्नाच्या वरातीसाठी त्या गाडीला चार सुरांचा हॉर्न बसवला होता आणि बसवणाऱ्याने त्याची वीज पंपाच्या तारेतून काढली होती. हॉर्न गाऊ लागला की पंपाची उपासमार होई. हॉर्नची तार सोडवायला एक मिनिट लागले. माझ्या वहीत नोंद आहे : ‘निदानास लागलेला वेळ ३४ मिनिटे, पैकी जबानी ३३.’ ही तेहतीस मिनिटे मी तेव्हा ‘अपव्यय’ या सदरात टाकली होती.

बदललेले दोन्ही पंप मिस्त्रींनी हेडमास्तरांकडून मागवून घेतले, कारण गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक मांडणी होती. स्वयंपाकघरात ताटे-वाट्या लावतात तशी, स्टीलची. हायकोर्टाने नवी घेतली तेव्हा जुनी इकडे आली होती. तिच्यावर भांड्यांच्या जागी पंप लावलेले. हे तालुकाभरच्या गॅरेजांतून काढून फेकलेले पंप. मिस्त्री ते चहाच्या बदल्यात गोळा करीत, रॉकेलच्या डब्यात बुडवून बॅटरीवर चालवून पाहत, आणि चालला की त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर चार ओळी : गाडी. आरोप. शिक्षा देणारा. खरा गुन्हेगार. आणि खाली लाल शाईत ‘निर्दोष’.

मी मोजले तेव्हा तिथे त्रेसष्ट निर्दोष होते. खऱ्या गुन्हेगारांत गंजलेली जोडणी, सैल फ्यूज, उंदराने कुरतडलेली तार आणि एक चार सुरांचा हॉर्न यांचा समावेश होता. ‘शिक्षा देणारा’ या ओळीत तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक मेकॅनिकचे नाव होते. त्यामुळे मिस्त्री रस्त्याने येताना दिसले की काही जण घाईघाईने गाडीखाली शिरत आणि ते पुढे जाईपर्यंत बाहेर येत नसत.

अशा माणसाच्या गॅरेजात, त्याच्या गैरहजेरीत, मी एका पंपाला दोषी ठरवले होते.

टेम्पो शांतवनचा होता. शांतवन चाळिशीतला, वाडीवस्तीवरून दूध गोळा करून शीतकरण केंद्रावर पोचवणारा. पेट्रोलवर चालणारा छोटा टेम्पो, मागे हौद्यात दहा कॅन. केंद्राच्या वाटेवर कालव्याचा पूल आहे. त्या पुलाच्या चढावर, भरल्या गाडीने, टेम्पो धापा टाकून बंद पडे आणि अर्ध्या-पाऊण तासाने मुकाट्याने सुरू होई. आदल्या रविवारी त्या पाऊण तासात दूध नासले होते आणि केंद्राने ते परत पाठवले होते. सकाळी सव्वासातच्या आत चांगले दूध पोचले पाहिजे, हा तिथला नियम होता.

मी पंपाची जोडणी सोडवली, तारेच्या दोन टोकांना मीटर लावला, १२.६ वाचले. वीज येते आहे आणि तरी पंप पुलावर बंद पडतो, त्या अर्थी पंप निकामी. माझा हा तर्क दहा सेकंदांत पूर्ण झाला. शांतवनने नवा पंप आणला, मी शेजारच्या फिटरकडून बसवून घेतला. बुधवारी टेम्पो पूल चढला. गुरुवारी चढला. मी निबंधाच्या तक्त्यात ‘यशस्वी निदान’ असे लिहिले.

शुक्रवारी सकाळी शांतवन आला तेव्हा मिस्त्री परतलेले होते.

“ताई, नवा पंप बी मेला,” तो म्हणाला. त्याने आवाज चढवला असता तर मला सोपे गेले असते. “पुलावर पाऊण तास हुतो. दूध नासलं. दुसऱ्यांदा. साहेब म्हनले, शांतवन, उद्या परत असं झालं तर सोमवारपासनं रूट दुसऱ्याला देतो.”

मिस्त्रींनी खुंटीवरचा कोट घातला, बाहेर जाऊन टेम्पोच्या नंबरचा तीनदा पुकारा केला. तो दिवस गुड फ्रायडेचा. भिंतीपलीकडचे न्यायालय बंद होते, त्यामुळे पुकारा नेहमीपेक्षा दूरवर गेला. शांतवनची जबानी झाली : चढावरच, भरल्या गाडीनेच, उन्ह तापल्यावर जास्त. मग ते माझ्याकडे वळले.

“जुन्या पंपाला शिक्षा कुनी दिली?”

“मी.”

“कशावरनं?”

“जोडणीवर बारा पूर्णांक सहा व्होल्ट होते.”

“जोडनी सोडवून मोजलं का लावून?”

“सोडवून.”

“म्हंजी कावड रिकामी असताना बघितलं, काठी वाकती का ते.”

मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. वाटेत गंजलेला, अडणारा सांधा असला तरी रिकाम्या वाटेवर विजेचा पूर्ण दाब दिसतो. पंप वीज ओढू लागला की मगच तो सांधा दाब खाऊ लागतो. हे मी पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकले होते आणि तिसऱ्या वर्षी कनिष्ठांना शिकवलेही होते.

मिस्त्रींनी फळीखालून हेडलाइटचा जुना बल्ब काढला. पंपाएवढीच वीज खाणारा हा बल्ब हीच त्यांची प्रयोगशाळा. जोडणीच्या दोन टोकांना तो लावला. लखलखायला हवा होता. तो पिवळसर, आजारी उजेड देत राहिला. मग जुना पंप रॉकेलच्या डब्यात बुडवला, बॅटरी लावली. त्याने अशी जोरदार धार सोडली की शांतवनचा पांढरा शर्ट भिजता भिजता राहिला.

“निर्दोष,” मिस्त्री म्हणाले आणि पुठ्ठा कापायला घेतला. शिक्षा देणाऱ्याच्या ओळीत त्यांनी लिहिले, ‘इंजिनेरबाई, मीटरसह.’

शर्ट पांढरा होता, कारण शांतवनला चर्चला जायचे होते. “बारा ते तीन मी न्हाई. आज उपासना असती.”

“जा की. आज निर्दोषालाच शिक्षा झालीती न्हवं?”

“व्हय. पन आजच्या दिवशी ती केस उघडू नका, मिस्त्री.” जाता जाता तो दारात थांबला. “गायींला गुड फ्रायडे कळत न्हाई. उद्या पाचला पयला कॅन भरायचाय.”

इथपर्यंत मिस्त्री निर्विवाद बरोबर होते. पुढे जे झाले ते मी तितक्याच काटेकोरपणे सांगितले पाहिजे. त्यांचा एका वस्तूवर जुना राग होता : रिले. किल्ली फिरवली की पंपाला वीज सोडणारी ती छोटी काळी डबी. “सराईत गुन्हेगार,” असे म्हणत त्यांनी ती उपटून काढली. चाचणी नाही, जबानी नाही. डब्यातली नवी रिले बसवली, बल्ब लावला आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

बल्ब तसाच आजारी होता.

त्यांनी बल्ब काढून परत लावला. रिलेवर टिचकी मारली. दुसरी नवी रिले आणली. दीड वाजला होता. कोटाच्या आत त्यांची पाठ घामाने भिजली होती आणि मला पहिल्यांदाच त्यांच्याकडे पुढचा प्रश्न नाही असे दिसले.

“काका, बल्ब पेटता ठेवा,” मी म्हणाले. “मी मीटर लावते.”

“मीटरला काय इचारनार?”

“दाब कुठे हरवतो ते. वीज जाण्याच्या वाटेवर किती आणि परतीच्या वाटेवर किती.”

“कावड भरलेली असताना.”

“हो.”

बॅटरीपासून जोडणीपर्यंत, जाण्याच्या वाटेवर हरवलेला दाब : ०.३ व्होल्ट. रिले, फ्यूज, तार, सगळे स्वच्छ. मग दुसरे टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावले. परतीच्या वाटेवर, ज्याला गॅरेजात अर्थिंग म्हणतात, तिथे : ४.२ व्होल्ट. पंपाच्या तोंडचा तिसरा हिस्सा वाटेतच कुणीतरी खात होते.

ही परतीची तार हौद्याखाली, मागच्या डाव्या कोपऱ्यात एका बोल्टने चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेली असते. मिस्त्री कोटासकट खाली सरपटले. मी टॉर्च धरून होते. बराच वेळ फक्त खरवडण्याचा आवाज आला. मग ते बाहेर आले. बोटावर पांढरट-हिरव्या खरपुड्यांचा थर. त्यांनी तो उन्हात धरला, हुंगला, आणि मी अडवण्यापूर्वी जिभेच्या टोकाला लावला.

“म्हशीचं,” ते म्हणाले.

तीन वाजून दहा मिनिटांनी शांतवन परतला तेव्हा मिस्त्री आरोपपत्र तयार करून बसले होते. हौद्याच्या त्या कोपऱ्यातल्या फटीतून महिनोन्महिने दूध ठिबकत होते, बोल्टवर आंबत होते आणि आंबलेल्या दुधाने सांधा खाल्ला होता. मंगळवारी पंप बदलताना आम्ही तारा हलवल्या, तेवढ्याने सांधा दोन दिवस शुद्धीवर आला होता. एवढे सगळे शांतवनने मान्य केले. म्हैस मान्य केली नाही.

“मिस्त्री, माझ्या रूटला सगळी गाय हाय. केंद्रात गायीचंच चालतं.”

“शांतवन, तू आत्ता चर्चमधनं आलायस.”

शांतवनने टोपी काढली, परत घातली. “दोन कॅन असत्यात. हॉटेलवाल्याचे. ताडपत्रीखाली, त्या कोपऱ्यात.”

“झाकनं घट्ट असत्यात का?”

“घरचे जुने कॅन हायेत. झाकन बसत न्हाई. उसाचं पाचट कोंबतो.”

“कोर्टाला हॉटेलवाल्याशी मतलब न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “पाचटाशी हाय.”

आम्ही बोल्टची जागा बदलली, हौद्याच्या दुसऱ्या बाजूला, उंचावर. मिस्त्रींनी पॉलिश पेपरने लोखंड चांदीसारखे घासले, तारेला नवे टोक लावले, वर ग्रीसचा लेप दिला. भरल्या कावडीवर मोजले : ०.०९. बल्ब असा पेटला की मिस्त्रींनी डोळ्यांवर कोटाची बाही धरली; ती पुरली नाही.

मग ते मांडणीपाशी गेले. काढून टाकलेली जुनी रिले त्यांनी खिशातून काढली, तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी कापली आणि स्वतःच्या हाताने लिहिली. मी मागून वाचले. शिक्षा देणारा : मी स्वतः, जबानी न घेता. पंपांच्या रांगेत ती एकटी डबी केविलवाणी दिसत होती. त्यांनी ती माझ्या पंपाशेजारी ठेवली आणि हात धुवायला गेले.

“आता झालं ना, मिस्त्री?” शांतवनने विचारले.

“जामीन. सुटका उद्या, पुलावर. गुन्हा जिथं घडला तिथंच.”

शनिवारी पहाटे पाचला मी टेम्पोत शांतवनशेजारी बसले होते. मीटर मांडीवर, त्याच्या दोन लांब तारा खिडकीतून मागे, पंपाच्या परतीच्या वाटेच्या दोन टोकांपर्यंत गेलेल्या. मिस्त्री हौद्यात, कॅनांमध्ये, उकिडवे, कान टाकीच्या बाजूला. हॉटेलवाल्याचे दोन कॅन त्या दिवशी नव्हते. पहिल्या वस्तीवर मी लिहिले ०.०९. चौथ्या वस्तीवर ०.०९. सहाव्या वस्तीवर एका म्हाताऱ्या आजींनी हौद्यातला काळा कोट पाहिला आणि दूध ओतता ओतता हात आखडला.

“शांतवन, वकील कशाला आनलाय रं? माझ्या दुधात पानी न्हाई.”

त्यांची समजूत घालण्यात सहा मिनिटे गेली. पुढे मेंढ्यांचा कळप रस्त्यावर आला; सतरा मिनिटे. शांतवन हॉर्न वाजवत नव्हता, फक्त स्टिअरिंगवर अंगठा घासत होता. मी घड्याळ पाहणे सोडून दिले आणि आकडे पाहू लागले. माझ्या तक्त्यातला ‘यशस्वी निदान’ हा शब्द खोडलेला होता. तो पुन्हा लिहायचा की नाही, हे आता या माणसाच्या दहा कॅनांवर ठरणार होते, आणि शब्दाचे मला विशेष काही वाटत नव्हते.

सात वाजून चार मिनिटांनी कालव्याचा पूल आला. कॅन भरलेले, उन्ह वर आलेले. शांतवनने गिअर बदलला. ०.०९. चढाच्या मध्यावर, तो नेहमी जिथे बंद पडे त्या दगडी खांबापाशी, ०.१०. मागून पत्र्यावर थाप पडली.

“बोलतोय,” मिस्त्रींचा आवाज आला. “नीट बोलतोय. चालू द्या.”

टेम्पो माथ्यावर पोचला, उतरला, फाटकातून आत शिरला. सात वाजून अकरा. केंद्राचे साहेब वजनकाट्यापाशी उभे होते. त्यांनी शांतवनकडे न पाहता पहिल्या कॅनचे झाकण उघडले, वास घेतला, थोडे दूध काचेच्या नळीत घेऊन आचेवर धरले. नासलेले दूध तापताच फाटते. आम्ही तिघे त्या नळीकडे पाहत होतो. दूध उकळले, वर आले, आणि दूधच राहिले. साहेबांनी दुसरा कॅन उघडला.

“सोमवारी यायचंय ना?” ते शांतवनला म्हणाले. “मग कॅन उतरव. उभा काय राहिलास?”

मिस्त्री हे ऐकून इतक्या तत्परतेने हौद्यातून खाली उतरले की माझ्या दोन्ही तारा त्यांच्या कोटाच्या बटणात अडकून मुळासकट निघाल्या. मीटर शून्यावर गेला. अंतिम नोंद राहून गेली आणि तक्त्यात शेवटच्या ओळीतला व्होल्टचा रकाना रिकामा पडला. कॅन उतरून मोजमाप झाल्यावर मी शांतवनच्या हातातली पावती मागून घेतली आणि त्या रकान्यात, एकक बदलून, पुढचा आकडा लिहिला : स्वीकृत, ३८६ लिटर.